फुप्फुसातले पहारेकरी विष कसे ओळखतात?



दवाखान्याला मदत करणाऱ्या मंडळ्यांना भेट द्यायला गेलो की रविवारच्या उपासनेनंतर चहाच्या वेळी मला हमखास तीन प्रश्न विचारले जातात. पहिला, "डॉक्टर, पाड्यावरच्या त्या मुलाला ताप नव्हता म्हणता, मग न्यूमोनिया कसा?" दुसरा, "औषध सुरू झाल्यावरही लेकरू पहिले दोन दिवस तसेच का राहते?" आणि तिसरा, "नुसते श्वास मोजून आजार खरोखर कळतो का?"

उभ्या उभ्या चहा घेताना मी थोडक्यात काहीतरी सांगतो, पण माझे समाधान होत नाही. विचारणाऱ्याचेही होत नसावे. कारण या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी दडलेले आहे. आपल्या फुप्फुसात जंतू शिरला आणि त्याने विष सोडले, तर शरीराला ते कळते कसे? ते कळल्यावर शरीर काय करते? आणि कधी कधी ते कळतच नाही, ते का? या अंकात संपादकांनी मला चार पाने दिली आहेत, म्हणून हे सगळे सावकाश सांगतो. पावसाळा आणि थंडी हे आमच्या बालरुग्ण विभागाचे सर्वांत कठीण महिने असतात. तुम्ही पाठवलेली मदत त्या दिवसांत नेमकी कुठे उपयोगी पडते, हेही त्यातून उलगडेल.

दिवसाला दहा हजार लिटर हवा

मोठा माणूस दिवसभरात साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाक्या धरल्या तर दहा टाक्या झाल्या. या हवेबरोबर धूळ, चुलीचा धूर, परागकण, बुरशीचे कण आणि अर्थातच जंतूही येतात. श्वासनलिकेला झाडासारख्या फांद्या फुटत जातात आणि शेवटी द्राक्षाच्या घोसासारखे बारीक फुगे लागतात. त्यांना वायुकोश म्हणतात. मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत असे ३० कोटींहून अधिक वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचे घर. आणि या सबंध घराची भिंत केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असते, कारण तिच्यातूनच प्राणवायू रक्तात उतरायचा असतो.

इतकी मोठी, इतकी पातळ आणि सदा उघडी जागा सांभाळणे सोपे नाही. म्हणून देवाने शरीरात पहाऱ्याची रचना थरांथरांची केली आहे. श्वासनलिकेच्या आतून चिकट शेंबूड असतो. त्यात कचरा आणि जंतू अडकतात. खाली बारीक केसांसारखे तंतू सेकंदाला दहाहून अधिक वेळा हलत हा शेंबूड वर घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळतो आणि पोटातले आम्ल उरलेले काम करते.

यातूनही जे अतिशय बारीक कण सुटतात ते थेट वायुकोशात पोहोचतात. न्यूमोनियाचे जंतू तेवढेच बारीक असतात. तिथे त्यांची गाठ पडते ती भक्षक पेशीशी. ही पेशी वायुकोशाच्या आतल्या भिंतीवर फिरत असते आणि दिसेल तो कण गिळते. थोडेसे जंतू आले तर ती गाजावाजा न करता त्यांना संपवते. तुम्हाआम्हाला पत्ताही लागत नाही. एखाद्या चांगल्या झाडूवाल्या बाईसारखे तिचे काम आहे: ती आली की कुणाचे लक्ष जात नाही, आली नाही की सगळ्या गल्लीला कळते.

पण जंतू जास्त झाले आणि ते विष सोडू लागले की एकट्या पेशीचे काम राहत नाही. तिला बोंब मारून मदत बोलवावी लागते. त्याआधी तिला नक्की समजले पाहिजे की हा साधा धुळीचा कण नसून शत्रू आहे.

जंतूंचे विष दोन प्रकारचे

काही जंतू विष बनवून बाहेर सोडतात. घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकला यांचे जंतू या जातीचे. दुसऱ्या जातीच्या जंतूंच्या अंगाच्या सालीतच विष असते. हे दुसरे विष जर्मनीत रिचर्ड फायफर यांनी १८९२ साली ओळखले. ते बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होते. त्यांना दिसले की जंतू उष्णतेने मारून टाकले तरी ते टोचल्यावर गिनिपिग मरतात. म्हणजे जंतू जिवंत असण्याचीही गरज नव्हती. त्याच्या देहातच विष होते. त्यांनी त्याला एंडोटॉक्सिन, म्हणजे आतले विष, असे नाव दिले.

पुढे कळले की हा साखर आणि चरबी यांचा जोड असलेला पदार्थ आहे आणि तो ठरावीक जातीच्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात असतो. माणसाचे शरीर त्याच्याबाबत विलक्षण हळवे आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे ग्रॅमचे काही अब्जांश भाग इतके एंडोटॉक्सिन रक्तात गेले तरी माणसाला थंडी वाजून ताप भरतो. सलाईन आणि इंजेक्शनची औषधे बनवताना एवढी काळजी घेतात ती याचसाठी.

खूण कशी पटते

इतके थोडे विष शरीराला कळते कसे? हे कोडे शंभर वर्षे सुटले नव्हते. १९८९ साली अमेरिकेतील चार्ल्स जेनवे यांनी एक विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे की शरीराजवळ जन्मतःच काही ओळखकर्ते असले पाहिजेत आणि ते जंतूंच्या अशा खुणा ओळखत असले पाहिजेत, ज्या माणसाच्या देहात कधीच नसतात.

त्या ओळखकर्त्याचा धागा सापडला तो एका माशीत. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी चिमुकली फळमाशी आपण रोज हाकलतो. तिच्यात टोल नावाचा एक जनुक आहे. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ज्यूल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवले की हा जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरून जातात; त्यांना प्रतिकार करताच येत नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला उंदरांत तसाच जनुक सापडला. त्यांच्याकडे उंदरांची एक विचित्र जात होती. तिला कितीही एंडोटॉक्सिन टोचा, काही होत नसे. त्या उंदरांमध्ये माशीच्या टोलसारखाच एक जनुक बिघडलेला होता. त्याला पुढे टोलसारखा ग्राहक क्रमांक ४ म्हटले गेले. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चा नोबेल पुरस्कार मिळाला तो या कामासाठी; त्या वर्षी तिसरे मानकरी राल्फ स्टाइनमन होते.

आता या उंदरांची पुढची गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण आमच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे. विषाने आजारी न पडणारे हे उंदीर नशीबवान वाटतील. पण जिवंत जंतू त्यांच्या शरीरात गेले, तर इतर उंदीर सहज परतवतील अशा थोड्या जंतूंनीही ते मरतात. त्यांना ताप नाही, सुस्ती नाही, कारण त्यांच्या शरीराला शत्रू आल्याचे समजतच नाही. ज्याच्या घरची घंटा बंद, त्याच्या घरी रात्री गोंधळ होत नाही, पण सकाळी घर रिकामे असते.

घंटा वाजते ती अशी. जंतूच्या सालीतून सुटलेला एंडोटॉक्सिनचा कण शरीरातले एक प्रथिन पकडते. ते त्याला भक्षक पेशीच्या पृष्ठभागावरच्या दुसऱ्या प्रथिनाकडे देते. तेथून तो तिसऱ्याच्या खोबणीत बसतो. एंडोटॉक्सिनला चरबीच्या शेपट्या असतात, बहुधा सहा. पाच शेपट्या खोबणीत आत शिरतात आणि सहावी बाहेर डोकावत राहते. त्या सहाव्या शेपटीच्या आधाराने ओळखकर्त्यांच्या दोन जोड्या एकमेकींना चिकटतात. त्या चिकटल्या की पेशीच्या आत निरोप जातो: शत्रू आला. हातोहात पुढे सरकणाऱ्या पाण्याच्या बादलीसारखी ही रीत आहे. म्हणूनच विषाचा एवढासा अंशही वाया जात नाही.

पेशीला भोक पडले की

मात्र मुलांच्या न्यूमोनियाचा जो सर्वांत मोठा गुन्हेगार, त्या न्यूमोकॉकस जंतूच्या अंगावर एंडोटॉक्सिन नसते. त्याला ओळखायला शरीराला दुसऱ्या वाटा वापराव्या लागतात. त्याच्या सालीतले इतर काही अंश ओळखणारे वेगळे ग्राहक आहेत. पण मला सगळ्यात नवल वाटते ते त्याच्या बाहेर सुटणाऱ्या विषाच्या ओळखीचे.

या विषाचे नाव न्यूमोलायसिन. ते मुख्यतः जंतू फुटला की बाहेर येते. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, त्याला ते चिकटते. मग तीस ते पन्नास कण एकत्र येऊन कडे करतात आणि पेशीच्या आवरणाला आरपार भोक पाडतात. मिलिमीटरचे तीस हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे हे भोक, पण पेशीच्या मानाने भगदाडच.

पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट जास्त असते. भोक पडले की ते भराभर बाहेर वाहू लागते. पेशीच्या आत यावर लक्ष ठेवणारी एक यंत्रणा आहे. पोटॅशियम उतरले की तिचे सुटे भाग जुळून एक चक्र तयार होते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे युर्ग चॉप यांच्या गटाने २००२ साली अशा यंत्रणेला इन्फ्लमासोम असे नाव दिले. या चक्रातून इंटरल्युकिन-१ नावाचा तीव्र इशारा बाहेर पडतो.

थोडक्यात, शरीराजवळ ओळखण्याच्या दोन रीती आहेत. एक, चोराचा चेहरा ओळखणे. दुसरी, घरफोडी झाल्याचे ओळखणे. चोर मुखवटा घालून आला तरी कौले फुटल्याचा आवाज लपत नाही.

घंटा वाजल्यावर काय होते

आता आजाराची लक्षणे एकेक करून समजून घेऊ. भक्षक पेशीने सोडलेले इशारे रक्तातून मेंदूपर्यंत जातात. तिथे शरीराच्या उष्णतेची पातळी वर सरकवली जाते, म्हणून ताप येतो. पॅरासिटामॉलचे औषध फक्त या शेवटच्या पायरीवर काम करते. ताप उतरला म्हणजे फुप्फुसातले विष गेले, असे नाही. आईने ताप उतरल्यावरही श्वास पुन्हा मोजावेत, असे आम्ही सांगतो ते यासाठी.

दुसरे इशारे जवळच्या रक्तवाहिन्यांना मिळतात. त्या थोड्या सैल होतात आणि रक्तातल्या पांढऱ्या सैनिक पेशी त्यांतून बाहेर पडून वायुकोशात धावतात. अस्थिमज्जा अशा पेशी रोज सुमारे १०० अब्ज बनवते, आणि संसर्गात त्याहून जास्त. त्या जंतूंना गिळतात, मारतात आणि स्वतःही मरतात. सैल झालेल्या वाहिन्यांतून पाणीही झिरपते. जिथे हवा असायची तिथे पाणी, पू आणि मेलेल्या पेशी साचतात.

परिणामी फुप्फुस जड आणि कडक होते. प्राणवायू कमी पडतो. मूल भरभर श्वास घेऊ लागते, कारण प्रत्येक श्वासात हवा थोडी मिळते आणि ती भरून काढायला श्वास वाढवावे लागतात. फुप्फुस जास्त कडक झाले की श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. आपल्याकडे त्याला पोट उडणे म्हणतात. काही भागांत घरच्यांना वाटते की दुखणे पोटाचेच आहे, आणि पोटावर तापलेल्या सळईचे चटके देतात. त्यामागे लेकरू वाचावे हीच धडपड असते. म्हणून आम्ही रागावत नाही. पोट उडते ते छातीमुळे, हे हाताने दाखवून समजावतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले. श्वास मोजणे म्हणजे घंटेचा आवाज मोजणे. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली मोजणी अशी: दोन महिन्यांच्या आतील बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षापर्यंतचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांचे ४० किंवा अधिक, तर तो धोका. मूल शांत असताना, झोपेत किंवा आईच्या मांडीवर असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे. रडत्या मुलाचे मोजायचे नाही. लहान बाळाचे दोनदा मोजायचे.

यावर विश्वास बसत नसेल तर आपल्याच राज्यातले काम पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये ५८ गावांत गावातल्याच लोकांना, त्यांत सुईणींनाही, न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवले. ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी होते: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेजारच्या ४४ गावांशी तुलना केली. वर्षभरानंतर पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तिथे हजारी १७.५ होते, आणि या ५८ गावांत हजारी ८.१. हे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. क्ष-किरण यंत्र नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. होते ते गावातले शहाणे डोळे, एक मिनिट वेळ आणि हाताशी औषध.

औषध सुरू झाल्यावरचे दोन दिवस

दुसरा प्रश्न हा होता की औषधाने लगेच उतार का पडत नाही. प्रतिजैविक जंतूला मारते, पण मेलेल्या जंतूची साल आणि त्याच्या पोटातले विष काही काळ तिथेच राहते. पहारेकरी पेशी ते ओळखतच राहतात आणि घंटा वाजत राहते. साचलेले पाणी आणि पू निचरायलाही वेळ लागतो. म्हणून औषध लागू पडत असले तरी ताप आणि धाप ओसरायला एक-दोन दिवस जातात.

याच दोन दिवसांत आमची खरी कसोटी लागते. फुप्फुस मोकळे होईपर्यंत रक्तात प्राणवायू पुरेसा राहिला पाहिजे. प्राणवायू देणारे यंत्र जंतूला मारत नाही. ते मुलासाठी वेळ विकत घेते. वीज गेली की ते बंद पडते, म्हणून त्याच्याबरोबर बॅटरीचीही गरज लागते. बोटाला लावायच्या चिमट्यासारख्या छोट्या यंत्राने रक्तातला प्राणवायू मोजता येतो. ९० टक्क्यांच्या खाली गेला की प्राणवायू द्यावाच लागतो. आम्ही दरवर्षी याच वस्तू का मागतो, हे आता तुम्हाला समजेल. आणि दोन दिवसांनी उतार नाही म्हणून घरी निघालेल्या आईबापांना थांबवणे, त्यांच्या जेवणाची सोय करणे, घरी राहिलेल्या शेळ्यांची आणि दुसऱ्या लेकरांची काळजी ऐकून घेणे, हाही उपचाराचाच भाग आहे.

घंटा फार जोरात वाजली तर

घंटा वाजणे आवश्यक आहे, पण ती थांबणेही तितकेच आवश्यक आहे. इशारे सबंध शरीरभर पसरले तर सगळ्याच रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे आणि यकृत बंद पडू लागतात. याला सेप्सिस म्हणतात. मग ही घंटाच औषधाने बंद करावी असे संशोधकांना वाटले. एंडोटॉक्सिनच्या ओळखकर्त्याची खोबणी अडवणारे एरिटोरन नावाचे औषध तयार झाले. मोठी चाचणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार त्या औषधाने मृत्यू कमी झाले नाहीत. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत निरोप केव्हाच पसरलेला असतो. वेळेवर येणे याला आजही पर्याय नाही.

रोजच्या हवेतही थोडे एंडोटॉक्सिन असते. त्या प्रत्येक कणाला फुप्फुस चिडून उठले तर आपण कायमचे आजारी राहू. म्हणून वायुकोशातल्या भक्षक पेशींना संयम असतो. त्या संयमालाही मर्यादा आहे. कापूस गिरण्यांत पिंजण आणि कार्डिंग खात्यात काम करणाऱ्यांना कापसाच्या धुळीतून हे विष रोज फुप्फुसात जाते. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की छाती आवळते. इंग्रजीत याला सोमवारचा ताप असेही नाव पडले. मुंबईच्या गिरणगावातल्या कित्येक घरांनी हा दमा जवळून पाहिला आहे.

घंटा वाजतच नाही तेव्हा

आता पहिला प्रश्न. ताप नसताना न्यूमोनिया कसा?

ताप म्हणजे शरीराने मारलेली हाक. हाक मारायला ताकद लागते. तीव्र कुपोषित मुलाच्या शरीरात इशारे बनवायला पुरेसे प्रथिन आणि ऊर्जा नसते. त्याच्या फुप्फुसात जंतू वाढत असतात, विष साचत असते, पण अंग गार लागते. मूल रडत नाही, कण्हते, दूध ओढत नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचेही असेच. त्याची प्रतिकारशक्ती अजून कोवळी असते. त्याचे अंग तापण्याऐवजी थंडही पडू शकते. बॉयटलर यांचे ते उंदीर आठवा. बाहेरून शांत दिसणारे घर आतून लुटले जात असते. म्हणून कुपोषित मूल किंवा तान्हे बाळ सुस्त झाले, दूध प्यायचे थांबले, अंग गार पडले, तर आम्ही तापाची वाट पाहत नाही.

चुलीचा धूर ही दुसरी अडचण. कुडाच्या घरात धुराला बाहेर जायला वाट नसते आणि थंडीत तान्हे मूल आईबरोबर चुलीजवळच असते. धुराने श्वासनलिकेतले हलणारे तंतू मंदावतात आणि भक्षक पेशी काजळीनेच भरून जातात. पहारेकऱ्याचे दोन्ही हात आधीच भरलेले असले तर चोराला कोण धरणार?

तिसरी अडचण गोवराची. गोवर येऊन गेला की पूर्वीच्या आजारांची शरीराने जपलेली आठवणही तो बऱ्याच अंशी पुसून टाकतो. म्हणून गोवरानंतरच्या महिन्यांत न्यूमोनिया सहज गाठतो.

चौथी डांग्या खोकल्याची. हा जंतू फार धूर्त आहे. त्याचे एक विष श्वासनलिकेतल्या तंतूंच्या पेशी मारते. शेंबूड वर सरकत नाही आणि तो काढण्यासाठी मूल उबळ येईपर्यंत खोकत राहते. ते तंतू पुन्हा उगवायला आठवडे लागतात, म्हणून हा खोकला लवकर हटत नाही. त्याचे दुसरे विष सैनिक पेशींची वाटच अडवते. त्या रक्तात दाटी करतात पण संसर्गाच्या जागी पोहोचू शकत नाहीत. घंटा वाजली तरी शिपाई निघत नाहीत. अगदी लहान बाळांत खोकलाही न येता श्वासच थांबू शकतो.

आधीच ओळख करून देणे

या सगळ्यावर सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे लस. शत्रू येण्याआधी त्याचा चेहरा शरीराला दाखवून ठेवणे, एवढेच तिचे काम. घटसर्प आणि धनुर्वाताच्या लशीत त्यांचेच विष निकामी करून दिलेले असते. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवून ठेवते. खरे विष आले की ते पेशीला शिवण्याआधीच पकडले जाते.

सरकारी लसीकरणात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिली जाणारी पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि न्यूमोनिया करणारा हिब जंतू या पाचांपासून राखण करते. न्यूमोकॉकसची लस भारताने २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणली आणि २०२१ मध्ये ती देशभर सुरू झाली. ती सहा आणि चौदा आठवड्यांना आणि पुन्हा नवव्या महिन्यात देतात. गोवराची लस नवव्या महिन्यात आणि दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांत. हे सगळे सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

मग अडते कुठे? दिवाळीनंतर पाड्यावरची कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. मूल सहा आठवड्यांचे असताना घरी असते, चौदा आठवड्यांचे होते तेव्हा फडात असते. लसीचे कार्ड पत्र्याच्या पेटीत राहते. आशाताई आणि अंगणवाडीताई खूप धडपडतात, पण पाडा रिकामा असला तर त्या काय करणार? म्हणून निघण्याआधीच्या आठवड्यांत घरोघरी जाऊन कार्डे पाहणे आणि ती बरोबर न्यायला लावणे, हे आमच्या टोळीचे शरद ऋतूतले सर्वांत महत्त्वाचे काम असते. दिसायला ते फार लहान काम आहे. अहवालात त्याचा फोटोही चांगला येत नाही. पण एखादे लेकरू फडावरच्या थंडीत वाचते ते बहुधा त्यामुळेच.

तुमच्या हाताशी काय आहे

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मदतीला येणाऱ्या ताई, वॉचमन, बांधकामावरचे मजूर गावाकडून आलेले असतात. त्यांच्या मुलाला खोकला असेल तर खोकल्याच्या बाटलीसाठी पैसे देण्याआधी एक मिनिट श्वास मोजा. भरभर असतील, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल किंवा सुस्त असेल, तर त्याच दिवशी दवाखाना दाखवा. प्रतिजैविक दिले तर डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करायला सांगा. लसीचे कार्ड विचारा. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यायला सांगा, कारण त्यातून आईची प्रतिपिंडे बाळाला मिळतात.

आणि आम्हाला मदत पाठवताना धूर बाहेर काढणारी चूल, प्राणवायूचे यंत्र, बॅटरी आणि कुपोषित मुलांचा आहार यांना पहिली जागा द्या. खाऊ आणि खेळण्यांनी मुले हरखतात, तेही हवेच. पण पहारेकऱ्याला आधी पोटभर जेवण आणि मोकळी हवा लागते. तेवढे मिळाले तर तो आपले काम चोख करतो, आणि मग ती मुले खेळायला उरतात.